जुन्या शक्तिमान ट्रकच्या हौद्यावर कॅनव्हास शिवावा की व्हिनाइल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेला शक्तिमान तुम्ही वरूडकडे घेतलाय. लोखंडी कमानी शाबूत आहेत, वरचं कापड पार चिंध्या झालंय. ट्रक वर्षभर अंगणात उघड्यावर उभा असतो, १५ ऑगस्ट-२६ जानेवारीला गावातून फिरतो आणि हंगामात संत्र्याच्या दोनचार खेपा करतो. आता नवीन कव्हर कॅनव्हासचं करावं की व्हिनाइलचं, हा तुमचा प्रश्न.

मी सतरा वर्षं लष्करात गाडी चालवली, त्यातली बरीच शक्तिमानवर. आता आर्वी तालुक्यात शेती करतो आणि दारात लष्करातूनच निघालेली एक जुनी निस्सान वन टन, म्हणजे छोटा ट्रक, आहे. तिच्यावर मी दोन्ही प्रकारची कव्हरं वापरून पाहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो: कमानींवर कॅनव्हास शिवा. पण पावसाळ्याचे चार महिने तो ट्रक छपराखाली गेला पाहिजे. तो जाणार नसेल तर माझं उत्तर बदलतं, तेही खाली लिहितो.

आधी कापड समजून घ्या. आपल्याकडे दुकानात 'ताडपत्री' म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू समोर येतात. एक सोयाबीनच्या ढिगावर टाकतो ती निळी-पिवळी पन्नी. ती ट्रकवर टाकायची नाही. वाऱ्याने फडफडून एका हंगामात तिचे धागे सुटतात. दुसरी सुती, मेण चढवलेली जुनी ताडपत्री, म्हणजे कॅनव्हास. तिसरी पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेली. तिलाच व्हिनाइल म्हणतात, आणि काही दुकानदार रेक्झिनही म्हणतात. सीटचं रेक्झिन वेगळं, पातळ असतं, ते गळ्यात मारून घेऊ नका.

कॅनव्हास वजनावर घ्यायचा. चौरस मीटरला ५०० ग्रॅमच्या आसपास, जुन्या मापात चौरस यार्डाला १५ औंस, हे ट्रकसाठी चांगलं कापड. व्हिनाइल साधारण ६०० ते ९०० ग्रॅमचं मिळतं. समजा तुमच्या हौद्याला बारा फूट बाय वीस फूट कापड लागलं, तर कॅनव्हासचं ओझं अकरा किलोच्या आसपास होतं आणि ६०० ग्रॅमच्या व्हिनाइलचं साडेतेरा किलो. म्हणजे कोरडं असताना कॅनव्हास हलका. भिजल्यावर मात्र तो पाणी धरून बसतो आणि एकट्या माणसाला उतरवणं कठीण जातं. व्हिनाइल झटकलं की कोरडं.

सुती कॅनव्हास पाणी अडवतो तो दोन गोष्टींनी. एक, मेणाचा लेप. दुसरं, भिजल्यावर सुताचा धागा फुगतो आणि विणीची भोकं आपोआप बुजतात. म्हणून नवीन कॅनव्हास पहिल्या पावसात थोडा झिरपतो आणि लोक घाबरतात. शिवून आल्यावर दोनतीनदा साध्या पाण्याने भिजवून उन्हात वाळवा, मग तो बसतो. शिवण सुती दोऱ्याची असेल तर सुईची भोकंही तशीच बुजतात. पॉलिस्टरचा दोरा जास्त टिकतो पण फुगत नाही, तिथे शिवणीवर मेण घासावं लागतं. आणि पाऊस चालू असताना आतून कापडाला हात किंवा माल टेकू द्यायचा नाही, टेकलं तिथून पाणी आत ओढलं जातं. आमचे उस्ताद एमटी पार्कमध्ये, म्हणजे लष्करी गाड्या ठेवायच्या जागेत, नव्या पोरांना सगळ्यात आधी हेच शिकवायचे, गिअर नंतर.

कॅनव्हास आकसतोही. दर दहा फुटांमागे तीनचार इंच जास्तीचं कापड ठेवायला शिवणाऱ्याला सांगा, नाहीतर पहिल्या पावसानंतर मागचा पडदा फाळक्यापर्यंत पोचणार नाही.

आता आपल्या भागाचं ऊन. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, आणि वरूड-मोर्शी काही त्याहून थंड नाही. हवा सत्तेचाळीस असते तेव्हा उन्हातलं गडद कापड हाताला चटका देतं. या उन्हात दोन्ही कापडं खराब होतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. कॅनव्हासवरचं मेण पन्नास-साठ अंशांना वितळतं. उन्हाळ्यात ते वरून सरकतं आणि कमानीच्या माथ्यावरचा पट्टा कोरडा पडतो, नेमका जिथे पाऊस सगळ्यात आधी पडतो. म्हणून मेणाचा नवा हात मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा. दिवाळीत दिलेला हात मे महिन्यात वाया जातो.

व्हिनाइलचं तसं नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला लवचीक करायला त्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. ऊन तो हळूहळू बाहेर काढतं. आधी कापड चिकट लागतं, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि धुतली तरी जात नाही. मग ते ताठ होतं आणि घडीच्या रेषेवर तडकतं. तडकलेल्या व्हिनाइलला पुन्हा जीव देता येत नाही. कॅनव्हासला देता येतो, दरवर्षी, घरच्या घरी. मला तो जवळचा वाटण्याचं हे मोठं कारण आहे.

पण ऊन ही अर्धीच गोष्ट, मला धडा मिळाला तो पावसात. निस्सान आणली त्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका दुकानातून जाड व्हिनाइल घेतलं, चहूबाजूंनी खाली ओढून, दोर आवळून बांधलं. एक थेंब आत जाणार नाही याची खात्री केली आणि दसऱ्यापर्यंत उघडून पाहिलं नाही. उघडलं तेव्हा आतल्या बाजूने कापडाला पाण्याचे थेंब लोंबत होते. हौद्याच्या फळ्या फुगलेल्या, बोल्ट गंजलेले, बाकाखाली ठेवलेले नटबोल्टचे पाने गंजून लाल. वरून एक थेंब आलेला नव्हता. जमिनीतून आणि फळ्यांतून उठलेली ओल दिवसा वर जायची, रात्री थंड कापडाला लागून खाली ठिबकायची आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. गाडीचं इतकं नुकसान तिने लष्करात काढलेल्या वर्षांतही झालं नसेल. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

कॅनव्हासमधून वाफ बाहेर जाते. म्हणून त्याच्याखाली लोखंड कमी गंजतं आणि माल कमी घामेजतो. तुमच्या संत्र्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. आंबिया बहार दिवाळीच्या मागेपुढे निघतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळी पावसाची भीती थोडी आणि दुपारच्या उन्हाची जास्त. व्हिनाइलखाली क्रेट तापतात, संत्र्याला घाम सुटतो, खालच्या थरातलं फळ मऊ पडतं. कॅनव्हासचे बाजूचे पडदे हातभर वर गुंडाळले की वारा आरपार जातो. गाडी चालू असेल तर आत चांगलं थंड राहतं, मी स्वतः मागे बसून प्रवास केलाय.

कॅनव्हासचा शत्रू बुरशी. जुन्या लष्करी कापडाला तांब्याचं औषध दिलेलं असायचं, हिरवट झाक आणि तो उग्र वास त्यामुळेही यायचा. आजही औषध दिलेला कॅनव्हास मिळतो, चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. पण औषधाच्या भरवशावर ओलं कापड गुंडाळू नका. आमच्याकडे हूड, म्हणजे गाडीवरचं कापडी कव्हर, शिवणारा एक म्हातारा कारागीर होता. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कव्हर हातात देताना म्हणायचा, "भाऊ, वल्ली ताडपत्री गुंडाळली त सडलीच समजा." पावसात बाहेर जाऊन आलात तर रात्र कमानींवरच काढू द्या, सकाळी पडदे उघडे टाका, पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. साबणाची किंवा धुण्याची पावडर कधीच लावायची नाही, ती मेण काढून नेते. कोरड्या ब्रशने झाडायचं, नाहीच निघालं तर साधं पाणी.

मेण देताना आगीची काळजी घ्या. मेणाचा गोळा भांड्यात, ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात, आणि टर्पेंटाइन मिसळायचं ते चूल पूर्ण विझवून, पातेलं उघड्या अंगणात दूर नेऊन. मेण दिलेला कॅनव्हास पेटतोही लवकर. जवळ वेल्डिंग काढायचं असेल तर कव्हर आधी उतरवा. ट्रकमध्ये कापूस भरणार असाल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

कमानींकडेही बघा. गंजलेल्या लोखंडाला ओला सुती कपडा लागला की तिथला धागा कुजतो, वर्षभरात कमानीच्या रेषेवर भोकं पडतात. तुमचं जुनं कापड जिथे फाटलंय ती जागा बघा, मला वाटतं कमानीवरच फाटलं असेल. कमानी घासून, रेडऑक्साइड आणि रंग देऊन, वर जुन्या कॅनव्हासचीच पट्टी गुंडाळा. दोन कमानींमध्ये कापड सैल राहिलं तर पाण्याचा डबरा साचतो. मग कॅनव्हास असो की व्हिनाइल, ते तिथूनच जातं. दोराचंही सांगतो: सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि आयलेट, म्हणजे कापडाच्या कडेची दोर ओवायची धातूची कडी, उपटतो. पावसाच्या आधी तो थोडा ढिला करायचा आणि सुरगाठ मारायची, म्हणजे अंधारातही एका ओढीत सुटते. नायलॉनचा दोर उलट भिजल्यावर ताणला जातो.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हे माहीत असलेलं बरं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. तुमचा ट्रक अजून त्या रंगात असेल तर तो बदलून घ्या, आणि कव्हरही त्याच छटेचं करू नका. मातकट खाकी कॅनव्हास घ्या. जुन्या गाडीवर तो खुलून दिसतो आणि गडद हिरव्यापेक्षा उन्हात कमी तापतो.

शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनला. आमच्या पिढीने ज्या ट्रकच्या मागे बसून अर्धा देश पाहिला तो हाच, आणि त्याच्यावर सुती कापडच असायचं. पावसात त्या कापडाखाली येणारा वास, थेंबांचा बसका आवाज, हे ज्याने अनुभवलंय त्याला चकाकणारं व्हिनाइल त्या कमानींवर बघवत नाही. बाहेरच्या सैन्यांनी, अमेरिकेनेही, पुढे आपल्या ट्रकांवर व्हिनाइल चढवलेलं कापड आणलं. त्यात गैर काही नाही, त्यांना रोज वापरायला, कुठेही उभं करायला, पुसून पुढे निघायला ते सोयीचं. तुमचा ट्रक वर्षातून वीसेक दिवस चालणार. तेव्हा त्याचं मूळ रूप राखणं तुम्हाला परवडतं.

आता छपराचं. टिनाचं साधं शेड, तिन्ही बाजू मोकळ्या, एवढं जरी झालं तरी कॅनव्हास बरीच वर्षं साथ देतो. माझ्या निस्सानवरचं कव्हर आठवा पावसाळा काढतंय, दोन ठिगळं सोडली तर धड आहे. शेड या वर्षी जमणार नसेल तर कॅनव्हास शिवूच नका, तो उघड्यावर चार महिने भिजत राहिला तर दोन वर्षांत हातात येईल. अशा वेळी व्हिनाइल घ्या, पण माझ्यासारखं आवळू नका. कमानींच्या वर बांबूची एक आडवी काठी बांधून त्यावरून टाका. बाजू हौद्याच्या कडेपासून वीतभर वर सोडा, पुढचा-मागचा पडदा उघडा ठेवा आणि पंधरा दिवसांनी एखाद्या उघडीपीच्या दिवशी पूर्ण काढून फळ्यांना ऊन द्या. व्हिनाइलची जोडणी शिवून नको, गरम हवेने चिकटवून घ्या. शिवलं तर सुईच्या प्रत्येक भोकातून गळतं, ती भोकं कधीच बुजत नाहीत. अमरावती-नागपूरला बॅनर आणि मंडपाचं काम करणाऱ्यांकडे ते यंत्र असतं. ठेवताना घडी नको, गुंडाळी करा, आणि उंदरांपासून वर टांगा.

माप घेताना टेप कमानीवरून फिरवा, हौद्याच्या पट्टीवरून नाही. एका बाजूच्या हुकापासून वरून दुसऱ्या बाजूच्या हुकापर्यंत, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या कमानीवर वेगवेगळं. जुन्या ट्रकच्या कमानी क्वचितच सारख्या असतात. तिन्ही मापं आणि हुकांमधलं अंतर इथे लिहून टाका, मी कापड किती लागेल ते काढून देतो.