वाचकांचे प्रश्न : छापण्याआधी मुलांनी विचार कसा करावा?

प्रश्न : मी नववी-दहावीला पत्रकारिता शिकवते. तीच मुलं शाळेचं मासिक काढतात. आचारसंहिता वाचून झाली, चाचणीत गुणही छान मिळाले. पण अंक लावताना प्रत्येक जण येऊन "मॅडम, हे छापू का?" एवढंच विचारतो. ४५ मिनिटांच्या तासात वेगळं काय करता येईल?

उत्तर : संहितेतली तत्त्वं सुटी सुटी वाचली की सगळीच पटतात. अडतं ते दोन तत्त्वं एकमेकांच्या आड आली की. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सच्या संहितेत 'सत्य शोधा आणि मांडा' असंही आहे आणि 'नुकसान कमीत कमी होऊ द्या' असंही. म्हणून मुलांपुढे संहिता नको, अडलेली बातमी ठेवा. समजा, संघाची कर्णधार अंतिम सामन्याआधी अचानक संघाबाहेर गेली. ती मानसिक आजारावर उपचार घेते आहे, असं तिच्या मैत्रिणीने वार्ताहराला सांगितलं. अंक परवा छपाईला जायचा आहे.

पहिली ५ मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपला निर्णय आणि एक कारण चिठ्ठीवर लिहायचं. हे वगळलंत, तर जो आधी आणि मोठ्याने बोलेल त्याच्या मागे वर्ग जातो. पुढची १० मिनिटं फक्त माहितीची. फळ्यावर तीन रकाने आखा : पक्कं माहीत आहे, ऐकलं आहे, विचारायचं आहे. उपचारांची गोष्ट मुलं हमखास पहिल्या रकान्यात घालतात. तिथेच अडवा. हे कुणाकडून कळलं? ते सांगायचा मैत्रिणीला अधिकार होता का?

मग १० मिनिटं, बातमीची झळ कुणाकुणाला लागेल याची यादी. कर्णधार आणि वाचक ही नावं लगेच येतात. बोलून गेलेली मैत्रीण, प्रशिक्षक, पालक, तसेच उपचार गुपचूप घेणारा आणखी एखादा विद्यार्थी, हे मात्र तुम्हाला काढून घ्यावे लागतील.

त्यानंतरची १५ मिनिटं पर्यायांची. वेळ कमी पडला तर इथला मिनिट कापू नका, कारण मुलांची खरी चूक इथे होते : त्यांना 'छापा' आणि 'नका छापू' यापलीकडे काही दिसत नाही. हे दोन सोडून किमान तीन पर्याय मागा. प्रशिक्षकांनी दुजोरा दिला तर कर्णधार खेळणार नाही एवढंच द्यायचं, कारणाचा उल्लेख नाही. किंवा थेट तिलाच विचारायचं, आणि छापून आल्यावर सगळी शाळा वाचेल हे तिला आधी स्पष्ट सांगायचं. किंवा ही बातमी सोडून स्पर्धेच्या ताणावर स्वतंत्र लेख करायचा, तिचा उल्लेखही न करता. शेवटच्या ५ मिनिटांत निर्णय दोन वाक्यांत लिहायचा : काय करणार, आणि ज्याला तो बोचेल त्याला समोर बसवून काय कारण सांगणार.

मतदान घेऊ नका; बहुमत मिळालं की कारणं शोधायचं थांबतं. तुमचं मतही शेवटपर्यंत कळू देऊ नका.

वर्ग रुळला की पॉटर बॉक्स शिकवा. हार्वर्डच्या राल्फ पॉटर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही नैतिक निर्णय घेण्याची चौकट. तिची चार घरं : वस्तुस्थिती, मूल्यं, तत्त्वं, निष्ठा. वार्ताहर कर्णधाराच्याच वर्गातला असेल, तर चौथं घर त्याने प्रामाणिकपणे भरायलाच हवं. आणि 'छापू का?'ला तोंडी उत्तर देणं बंद करा. भरलेला कागद मागा.

प्रश्न : नाव बदललं की पुरतं ना?

उत्तर : शाळेत क्वचितच पुरतं. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं हेझलवूड प्रकरण वर्गात घ्याच. १९८३ मध्ये तिथल्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पानं काढून टाकली. एका लेखात गर्भवती विद्यार्थिनींचे अनुभव होते. नावं बदललेली होती, तरी त्या ओळखू येतील अशी मुख्याध्यापकांना भीती वाटली. दुसरा लेख घटस्फोटावर होता; त्यात वडिलांवर टीका होती, पण त्यांची बाजू घेतलेली नव्हती. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. मुख्याध्यापकांना तो अधिकार असावा का, यावर मुलं जरूर भांडोत, पण तो वाद वेगळा ठेवा. वार्ताहराने आधी काय करायला हवं होतं, हे आपल्याला शिकवायचं आहे.

ओळख पटते ती नावापेक्षा तपशिलांच्या जोडीने. इयत्ता, खेळ आणि 'धाकटा भाऊ याच शाळेत', एवढं वाचून वर्गमित्र नाव सांगतो. म्हणून मजकूर त्या बातमीवर काम न केलेल्या दोघांना द्या आणि ही व्यक्ती कोण ते ओळखायला सांगा. एकानेही ओळखली, तर तपशील गाळा आणि पुन्हा तपासा. आरोग्य, घरची भांडणं, शिक्षा अशा विषयांत विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही लेखी संमती घ्या. मात्र तक्रार पालकांविरुद्धच असेल, तर बातमी बाजूला ठेवून आधी शाळेच्या समुपदेशकांना गाठा.

प्रश्न : मुलाखत संपल्यावर कुणी "हे छापू नकोस हं" म्हणालं तर?

उत्तर : ही अट बोलण्याआधी ठरायला हवी, असा व्यवसायातला संकेत आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला तो माहीत नसतो. म्हणून वही उघडतानाच वार्ताहराने सांगावं : "आता बोलशील ते छापलं जाऊ शकतं." सांगायचं राहून गेलं असेल, तर विद्यार्थ्याची विनंती मानावी. पदावरच्या मोठ्या माणसाला ही सवलत देण्याचं कारण नाही.

प्रश्न : याला गुण कसे द्यायचे? उत्तर तर एक नसतं.

उत्तर : निर्णयाला गुणच ठेवू नका. २० पैकी ६ माहितीच्या रकान्यांना, ४ यादीला, ५ पर्यायांना, ५ कारणाला द्या. 'लोकांना कळायला हवं' एवढ्यावर थांबलेल्या कारणाला ५ पैकी १. कोणत्या लोकांना, काय ठरवण्यासाठी आणि आत्ताच का, हे लिहिलं तर पूर्ण. सुरुवातीची चिठ्ठी कागदाला जोडून घ्या. मत बदललं नसेल म्हणून गुण कापू नका, पण ते का बदललं किंवा का टिकलं, हे विद्यार्थ्याने एका वाक्यात लिहिलेलं असावं.