आधी तो चहा प्या

ताई, सलाम.
मी पुण्याची, वय ४४, एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या चर्चच्या महिला मंडळाने एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना भेटी द्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या वाट्याला एक मावशी आल्या. वय ७६. मूळच्या राहुरीकडच्या खेड्यातल्या, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा गेला, मुलगा मेलबर्नला. दीड वर्ष झालं, मी दर शनिवारी जाते. डबा नेते, वचन वाचते, प्रार्थना करते, गोळ्या बघते, मंडळाच्या वहीत नोंद करते. मुलाची दहावी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तरी खाडा केला नाही. मावशी मात्र दिवसेंदिवस तुटक वागतात. दर वेळी चहा टाकायला उठतात, तेवढं मी करू देत नाही, त्यांचे गुडघे दुखतात आणि मलाही घाई असते. गेल्या शनिवारी म्हणाल्या, 'तुमचं हे मंडळाचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या.' मी रडत घरी आले. प्रभूने सगळं सोसलं तसं सोसत राहू, की त्यांचं नाव दुसऱ्या बहिणीकडे देऊ?
एक भगिनी

भगिनी, सलाम.
क्रूस जरा बाजूला ठेवा. एक म्हातारी बाई तुमच्याशी तुटक बोलली, एवढ्यासाठी कालवरीपर्यंत जायची गरज नाही.

तुमच्या पत्रातलं मला चहाचं वाक्य पुरलं. डबा, वचन, गोळ्या, दहावी, मोतीबिंदू या गर्दीत ते कोपऱ्यात उभं होतं. दीड वर्ष एक बाई दुखरे गुडघे घेऊन दर शनिवारी गॅसकडे जायला उठते, आणि दर शनिवारी तुम्ही तिला खाली बसवता. वर हे सांगता असं, की जणू तिची काळजीच घेतली!

आपले गुडघे दुखतात हे तिला कळत नाही का? नर्स होती ती. जन्मभर रात्रपाळ्या केल्या, लोकांची घाण काढली, परक्या पोरांचे ताप उतरेपर्यंत उशाशी बसली. अख्खा वॉर्ड तिच्या नावाने हाका मारायचा. आता तिच्याकडे काही मागणारं कोणी नाही. आठवड्यातून एक माणूस येतं, ते जेवण आपलं आणतं, प्रार्थनाही आपलीच आणतं आणि घड्याळ बघून निघतं. द्यायला तिच्याकडे एक कप चहा उरला होता. तोही तुम्ही घेतला नाहीत.

आणि राहुरीकडची बाई आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मावशींच्या घरचं मला काही ठाऊक नाही, पण त्या भागात आपल्या मंडळीतल्या किती घरांत आजीने सांगितलेलं असतं, विटाळ नको म्हणून सवर्ण लोक आपल्या माणसांच्या ओंजळीत पाणी वरून कसं ओतायचे ते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. फार जुनी गोष्ट नाही ही. लक्ष्मीबाई टिळकसुद्धा ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे राहायला आल्या तेव्हा स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवून राहिल्या होत्या. नवऱ्यावर जीव होता, तरी पाणी वेगळं. आधी ते सोवळं सुटलं, मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. तुमच्या मनात तसलं काही नाही, मान्य. पण ज्या पिढीने न घेतलेल्या पाण्याचा अर्थ घरात ऐकलाय, तिच्यापुढे तुम्ही दीड वर्ष 'नको, नको' म्हणताय.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली विहीर आठवा. भर दुपार, सूखार गावाबाहेर येशू दमून बसलाय, शिष्य जेवणाचं बघायला गावात गेलेत. ती शोमरोनी बाई एकटीच पाण्याला येते. तिच्या पाच नवऱ्यांवर आपण पुष्कळ उपदेश ऐकलेत (उपदेशकांना त्या नवऱ्यांत भलताच रस असतो). पण येशू पहिल्यांदा काय बोलला? त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत; तरी यहूदी पुरुष आणि शोमरोनी बाईच्या हातचं पाणी! तीच चकित झाली. त्याच्याकडे पोहरासुद्धा नव्हता, तेही तिनेच बोलून दाखवलं. जिवंत पाण्याचा, म्हणजे सार्वकालिक जीवनाचा, विषय निघाला तो मागाहून. तुम्ही दर शनिवारी जिवंत पाणी घेऊन जाता आणि तिच्या घरचं साधं पाणी पीत नाही.

१९५३ साली लंडनमध्ये चाड व्हारा नावाच्या पाळकांनी आत्महत्येच्या विचाराने घेरलेल्यांसाठी आपल्या चर्चमध्ये बसायला सुरुवात केली. माणसं यायला लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, चार शब्द बोलायला काही साधे स्वयंसेवक बसायचे. पुढे लक्षात आलं, की बाहेर चहा पिता पिता बोलून बरेचजण हलके होतात, आत पाळकांकडे जायची त्यांना गरजच उरत नाही. दुसऱ्याच वर्षी व्हारांनी ते काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं. 'समॅरिटन्स' ही संस्था तिथून वाढली. त्या स्वयंसेवकांकडे ना पदवी होती ना प्रवचन. त्यांना घाई नव्हती, एवढंच.

तुम्हाला घाई असते. मुलाची दहावी आहे, हे मावशींना माहीत तरी आहे का? मला शंका आहे. तुम्ही त्यांच्या गोळ्या मोजता, पण आपल्या घरातलं काही त्यांच्या कानावर घालत नसणार. ज्याचं आपल्याला काहीच कळत नाही, त्याच्याशी मैत्री कशी करायची? तुटक त्या वागतात म्हणता; सुरुवात कुणी केली?

या शनिवारी जा. डबा नको, पिशवी नको, बायबलही घरी राहू द्या. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असेल. आत गेल्यावर म्हणा, "मावशी, आज चहा टाका. दमून आलेय." त्या उठतील. वेळ लागेल, भिंतीला धरत जातील, भांडं पडेल. तुम्ही जागेवरून हलायचं नाही. "मी करते" हे शब्द तोंडातून निघाले तर परत पत्र लिहू नका मला. पाकाइतका गोड झाला तरी पूर्ण प्या. मग सासूबाईंचं विचारा: डोळ्यात थेंब घालताना त्या डोळा घट्ट मिटून घेतात, काय करायचं? असे डोळे मावशींनी किती हाताळले असतील! नीट ऐका, घरी जाऊन तसंच करा आणि झालं की नाही ते फोन करून सांगा. मुलाच्या पेपरांसाठी प्रार्थना त्यांना करायला सांगा. तुम्ही आमेन म्हणा.

राहिला तुमचा प्रश्न. त्यांचं नाव दुसऱ्या बहिणीला देऊ नका. मंडळाच्या वहीतून खोडून टाका, आणि पुढच्या शनिवारी परत चहाला जा.