‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

मोटरसायकल दुरुस्तीच्या मराठी मजकुरात ‘कॉम्प्रेशन गेलंय’ हे कसं लिहावं, असा प्रश्न आहे. संपीडन गेलं, दाब गेला की दबाव गेला?

दबाव आधी बाजूला काढू. मराठीत दबाव माणसांवर येतो: राजकीय दबाव, घरच्यांचा दबाव. हवेचा, पाण्याचा, रक्ताचा असतो तो दाब. हिंदीत वायूलाही दबाव चालतो आणि भाषांतरांच्या वाटेनं तो आपल्याकडे शिरतो. सिलिंडरमध्ये मात्र दाबच हवा.

‘संपीडन’ हे क्रियेचं नाव. वॉल्व्ह मिटलेले असताना दट्ट्या (पिस्टन) वर येतो आणि हवा-इंधनाचं मिश्रण आकसतं, ते संपीडन. ही क्रिया झिजलेल्या इंजिनातही होतच राहते. संपीडन गुणोत्तर म्हणजे दट्ट्या तळाशी आणि माथ्याशी असतानाच्या आकारमानांचं प्रमाण, पेट्रोल इंजिनात साधारण 10:1. दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजल्या म्हणून तेही बदलत नाही. कमी होतो तो संपीडनातून चढणारा दाब. म्हणून ‘संपीडन दाब कमी झाला’ हे नेमकं.

गुणोत्तर आणि दाब हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका, हे मी आग्रहानं सांगेन. 10:1 म्हणजे दाब मोजायच्या गेजवर 10 बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब), असं नसतं. दाबलेला वायू तापतो आणि तापल्यामुळे दाब आणखी चढतो. उष्णता किंवा वायू जराही निसटला नाही, तर तो वातावरणाच्या 20 पटींपलीकडे जाईल. प्रत्यक्षात इनलेट वॉल्व्ह थोडा उशिरा मिटतो, उष्णता भिंतींत जाते, रिंगांपाशी गळती होते. त्यामुळे चांगल्या इंजिनात गेज बहुधा 10 ते 14 बार दाखवतो. ठिणगीनंतरचा दाब आणखी वेगळा, पूर्ण थ्रॉटलला 50 बारच्याही वर. त्याला ‘ज्वलन दाब’ म्हणा.

मेकॅनिकच्या तोंडी मात्र ‘कॉम्प्रेशन गेलंय’ तसंच ठेवा. तो हा शब्द अगदी नेमक्या अर्थानं वापरतो. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून तो पुन्हा गेज लावतो. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेत. जागचा हलला नाही, तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (सिलिंडर आणि हेडमधल्या सीलवर) संशय.

मजकूर डिझेल इंजिनाचा असेल, तर या शब्दाशी आणखी एक वाक्य जोडा. तिथे ठिणगी नसते, दाबून तापलेली हवाच इंधन पेटवते. त्यामुळे दाब फार उतरला, की थंडीत इंजिन सुरूच होत नाही.