फ्रेंच लोक खरंच उद्धट आणि भित्रे असतात का?

तुम्ही विचारलंय, "कामासाठी ल्योंला जातोय, सगळे सांगतात तिथले लोक उद्धट असतात. खरं का?" मी तिथे दोन वर्षं राहिलोय, म्हणून लिहितो.

पहिल्याच आठवड्यात बेकरीत शिरलो आणि थेट "एक बागेत" (म्हणजे तिथला लांबट पाव) म्हणालो. काउंटरमागच्या बाई पावाला हात न लावता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बोंजूर", म्हणजे नमस्कार. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मोठ्यानं म्हणालो, "बागेत!" पुन्हा तेच, "बोंजूर." मागे रांगेतले एक आजोबा खुदकन हसले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिथे बोंजूर न म्हणता काही मागणं म्हणजे कुणाच्या घरी जाऊन दारातूनच "चहा टाका" म्हणणं. उद्धट मीच ठरलो होतो! पुढे याच बाई मला कमी भाजलेला हवा की खरपूस, असं आपणहून विचारायच्या.

बाकीची बरीचशी बदनामी शेजाऱ्यांची देणगी आहे. न सांगता सटकण्याला इंग्रज 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात, फ्रेंच त्यालाच 'इंग्रजांसारखं सटकणं' म्हणतात. गरमीचा रोग (सिफिलिस) इंग्रजांसाठी 'फ्रेंच रोग', फ्रेंचांसाठी 'नेपल्सचा'. आपणही यात मागे नाही: आयुर्वेदात तो 'फिरंग रोग', आणि फिरंगी हा शब्द मुळात 'फ्रँक' वरून आलेला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांना चिकटला, एवढंच.

भित्रेपणाचे विनोद २००३ मध्ये फार बोकाळले. इराक युद्धाला फ्रान्सनं विरोध केला, म्हणून अमेरिकी संसदेच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइजचं नाव 'फ्रीडम फ्राइज' झालं. (बटाट्याचा काय दोष!) या विनोदांना आधार दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये फ्रान्सनं जर्मनीपुढे पत्करलेल्या शरणागतीचा. पण त्याच लढाईत लील शहरात वेढले गेलेले फ्रेंच सैनिक चार दिवस झुंजले, त्यामुळे डंकर्क बंदरातून समुद्रमार्गे निसटणाऱ्या दोस्त सैन्याला वेळ मिळाला. ३१ मेला ते शरण आले तेव्हा जर्मन सेनापतीनं त्यांना लष्करी मानवंदना दिली. पहिल्या महायुद्धात तर फ्रान्सचे तेरा लाखांवर सैनिक मेले. पळपुट्यांचे आकडे असे नसतात.

वेटर बिल आणत नाही ही तक्रार मात्र खरी. न मागता बिल ठेवणं म्हणजे "आता उठा" म्हणणं, असं ते मानतात. आणि संपांबद्दल ऐकलेलं सगळं खरं आहे, रेल्वेचं तिकीट काढण्याआधी बातम्या बघा.