जुन्या क्लासिक गाडीचा स्टीअरिंग कॉलम (व्हीलपासून खाली जाणारा शाफ्ट आणि त्याभोवतीची नळी) ढिला झालाय, घरीच खोलून रिबिल्ड करता येईल का?

येतं की, पण आधी ढिलेपणा नक्की कुठे आहे ते बघा. कोणालातरी स्टीअरिंग हलकंसं डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून खालच्या रबरी कपलिंगकडे (शाफ्टचे दोन तुकडे जोडणारा सांधा) लक्ष ठेवा, वरचा शाफ्ट फिरतोय आणि खालचा जागेवरच असेल तर दोष कपलिंगचा, कॉलमला हातच लावू नका. स्टीअरिंग व्हील वर-खाली हलवल्यावर खटखट होत असेल तर मात्र वरचं बेअरिंग गेलंय, किंवा टिल्टवाला (व्हीलचा कोन बदलता येणारा) कॉलम असेल तर आतले बोल्ट ढिले झालेत (हे फार कॉमन आहे).

बॅटरीची वायर काढा, व्हील आणि शाफ्टवर खूण करा आणि व्हील पुलरनेच (व्हील ओढून काढायचं टूल) काढा. हातोडा अजिबात नको!! साधारण 1967-68 पासूनच्या अमेरिकन गाड्यांत कॉलम अपघातात दबला जाईल असा बनवलेला असतो, बऱ्याच कॉलममध्ये शाफ्टचे दोन भाग प्लास्टिकच्या पिनांनी धरलेले असतात, शाफ्टच्या टोकावर ठोकलंत की त्या तुटतात आणि बेअरिंग बदलायला गेलेला माणूस अख्खा शाफ्ट शोधत बसतो.

इंडिकेटर स्विचची वायर वर ओढण्याआधी खालच्या टोकाला दोरी बांधा, नवीन वायर त्याच दोरीने खाली येते, नाहीतर अर्धा दिवस त्यातच जातो. लॉक प्लेटखाली (स्टीअरिंग लॉक करणारी चकती) दणकट स्प्रिंग असते, ती दाबायचं टूल लावल्याशिवाय सर्कलिप (प्लेट धरून ठेवणारी रिंग) काढू नका. बेअरिंग नवीन, थोडं ग्रीस, बोल्टना थ्रेडलॉकर (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद), आणि टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच.