साठीशांत कॅरिबियनमध्ये : बोट कुणाच्या पैशानं?

साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलंय. खासगी कंपनीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले, पुढच्या मेमध्ये साठी पुरी होते. हॉल, केटरर, दोनशे पानं यात पाच-सहा लाख घालण्यापेक्षा सगळ्या घरानं ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये आठवडाभर बोट भाड्यानं घेऊन राहावं, असं न्यू जर्सीतल्या मुलाचं म्हणणं. त्यानं दर आणलाय : चार केबिनची शिडाची कॅटामरान (दोन तळांची बोट), सात रात्री, ९,५०० डॉलर. पत्रात डॉलर ९० रुपयांचा धरून साडेआठ लाख असा हिशेब मांडलाय. माणसं सात : स्वतः दोघं, मुलगा-सून, लेक-जावई आणि नऊ वर्षांची नात. जमा पुंजी १ कोटी ३५ लाख. त्यात एफडी ६० लाख, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, इक्विटी फंडात ४५ लाख (निम्मे पत्नीच्या नावावर). पेन्शन नाही, घरखर्च महिना ७५ हजार. प्रश्न एवढाच : "सगळा खर्च मीच करणार, मुलांकडून घेणं मनाला पटत नाही. एफडी मोडू की फंड विकू?"

नमस्कार. जायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती "मीच करणार" या दोन शब्दांना.

आधी तो साडेआठ लाखांचा आकडा बाजूला ठेवू, कारण ते फक्त बोटीचं भाडं आहे, रिकाम्या बोटीचं. या व्यवहाराला बेअरबोट म्हणतात. बोट तुमच्या ताब्यात, चालवायची तुम्ही, खायचं तुमचं, आणि आपटली तर तीही तुमची. मुलगा दोन उन्हाळे हडसन नदीवर शीड हाकायला शिकलाय हे कौतुकाचं आहे, पण भाड्यानं देणारी कंपनी त्याच्या अनुभवाची नोंद मागणारच, आणि तिनं होकार दिला तरी मी देणार नाही. तिथलं पाणी नवशिक्याला सोपं मानतात हे खरं. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलच्या दोन्ही बाजूंना बेटं आहेत, पुढचं बेट नजरेसमोर असतं. पण उत्तरेला अनेगाडा हे सपाट प्रवाळ बेट जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि त्याच्या हॉर्सशू रीफवर शेकडो जहाजं फुटलीत. सुट्टीत सासू, सासरे, नात बोटीवर असताना शिकाऊ तांडेल नको. तिथलाच तांडेल घ्या. तिथं त्याला स्किपर म्हणतात, रोजचे २७५ डॉलर आणि जेवण धरा. त्याला झोपायला केबिन लागते, हे बहुतेकांना बोटीवर चढल्यावर कळतं. तुमची तीन जोडपी तीन केबिनमध्ये, चौथी त्याची, म्हणजे नात आजीजवळ किंवा बैठकीतल्या बाकावर. नातीला काही वाईट वाटणार नाही, पण आज्जीला आधी विचारा.

आता माझा अंदाज मांडतो, सगळा डॉलरमध्ये. भाडं ९,५००. तांडेलाचे १,९२५ आणि त्याची बक्षिसी ३००. बोटीच्या नुकसानीसाठी मोठी अनामत अडकवण्याऐवजी घ्यायचा विमा ४२०. रात्री बोट बांधायच्या तरंगत्या गोळ्यांना मूरिंग म्हणतात, रात्रीचे ५० धरले तर सहा रात्रींचे ३००. डिझेल-पाणी ३००, परवाने आणि कर ३००. किराणा १,४००. तीन संध्याकाळी किनाऱ्यावर जेवण १,०५०. बोट दुपारी ताब्यात मिळते आणि सकाळी परत द्यावी लागते, त्यामुळे आधी आणि नंतर एकेक रात्र टॉर्टोला या तिथल्या मुख्य बेटावर हॉटेल, तीन खोल्यांचे १,२००. बेरीज १६,७००च्या घरात, म्हणजे पंधरा लाख. यावर पाच जणांची मुंबई-न्यूयॉर्क तिकिटं सहा लाख आणि तिथून सात जणांची टॉर्टोलाची तिकिटं पावणेचार लाख. एकूण पावणेपंचवीस लाख.

मुलानं आणलेला दुसरा दर, म्हणजे स्वयंपाकी आणि कप्तान असलेली सर्वसमावेशक बोट २४,००० डॉलरला, मी सोडून दिलाय. त्यावर १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे, ती कागदावर लहान अक्षरात असते.

तुमचा वर्षाचा खर्च नऊ लाख आणि पुंजी त्याच्या पंधरा पट. पेन्शन नसलेल्या, साठीच्या आतल्या माणसासाठी ही पुंजी बरी आहे, भरपूर नाही. वहिनी तुमच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे या पैशाला तीस वर्षं पुरायचंय. त्यातून पंचवीस लाख एका आठवड्यात गेले तर पंधरा पटींचे बारा पट होतात. शिवाय सगळे फंडातून काढलेत आणि त्यात निम्मा नफा असला, तर दोघांच्या सव्वा-सव्वा लाखाच्या सवलतीनंतरही १२.५ टक्के दरानं सव्वा लाखाच्या आसपास करात जातील. ज्येष्ठ नागरिक योजनेला हात लावायचाच नाही. पहिलं वर्ष सरल्यावर, पण दुसरं पुरं व्हायच्या आत मोडलीत तर दीड टक्का कापतात, आणि मुख्य म्हणजे तुमच्या घराचं दरमहाचं दूध-भाजी तिच्यावर चालतं.

म्हणून वाटणी अशी करा. बोट मुलाच्या नावावर, त्याच्या डॉलरमध्ये. मुलगा-सून दोघंही कमावतात, आणि त्याला विनिमय दर, कार्डावरचा साडेतीन टक्क्यांपर्यंतचा अधिभार, बँकेचे फॉर्म, यातलं काहीच लागत नाही. तुम्ही इथून पाठवलेत तर हे सगळं लागेल, वर रकमेनुसार टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर. तो आयकरात वळता होतो, बुडत नाही, पण विवरण भरेपर्यंत अडकून राहतो. किराणा आणि किनाऱ्यावरची जेवणं लेक-जावयाकडे, ते २,४५० डॉलर. तुम्ही पाच जणांची सगळी तिकिटं काढा : सहा लाख आणि बेटाच्या टप्प्याचे २ लाख ७० हजार. प्रवासविमा धरून नऊ लाखांवर रेघ मारा. सगळ्यांना घरातून उचलून नेऊन परत आणणारा यजमान तुम्हीच, मग बोटीचं भाडं कुणी भरलं हे साठीशांतीला आलेले तसेही विचारणार नाहीत.

हे नऊ लाख फंडातूनच काढा, मात्र चार हप्त्यांत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सव्वादोन लाख, वहिनी सव्वादोन लाख. १ एप्रिलनंतर पुन्हा तेवढेच. निम्मा नफा धरला तर प्रत्येकाचा प्रत्येक वर्षीचा नफा १ लाख १२ हजारांच्या आसपास राहतो, सव्वा लाखाच्या आत, आणि त्या वर्षांत दुसरं काही विकलं नसेल तर कर शून्य. मेमधली साठी इथं उपयोगी पडली.

मे सोडू नका. मुलानं सप्टेंबरचा ६,००० डॉलरचा दर दाखवलाय, तो का स्वस्त आहे ते सांगतो. तिथं १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा हंगाम, आणि सप्टेंबर ऐन भरात. ६ सप्टेंबर २०१७ला इर्मा याच बेटांवरून गेलं आणि गोदीतल्या बोटी एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या. वादळाला नाव पडल्यावर काढलेला प्रवासविमा त्या वादळाचे पैसे देत नाही. नाताळात उलट दर चढतात आणि वाराही. मेमध्ये हवा ठीक, भाडं उतरलेलं, नातीच्या शाळेला सुट्टी.

आता पैशाहून मोठी गोष्ट, जी पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलीत : मुलाच्या एच-वन-बीला, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवानगीला, मुदतवाढ मिळाली आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. मी इमिग्रेशनचा वकील नाही, तरी हा खड्डा मला माहीत आहे. कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत आहे. आसपासच्या बेटांसाठी ती विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना मिळते, एच-वन-बीला नाही. ब्रिटिश बेटांवर गेला तर मुलगा आठवडाभराची सुट्टी संपल्यावर परत न्यू जर्सीत शिरू शकणार नाही. त्याच्या नोकरीपुढे ९,५०० डॉलर म्हणजे चिल्लर.

वाट आहे. चॅनेलच्या पलीकडची सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही बेटं अमेरिकेचीच. १९१७ साली अमेरिकेनं ती डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतली. तिथं गेलं म्हणजे अमेरिका सोडली असं होत नाही. परतताना विमानतळावर कागद तपासतात, तेव्हा मुदतवाढीची मंजुरी जवळ ठेवायची, आणि जाण्याआधी त्यानं वकिलाला एकदा विचारायचं. सेंट जॉनचा निम्म्याहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान आहे, माहो बेमध्ये समुद्री कासवं बोटीजवळ येतात. नुकसान एवढंच की ब्रिटिश बाजूच्या व्हर्जिन गोर्डा बेटावरचे ते घराएवढे गोटे आणि योस्ट व्हॅन डाइक बेटावरचा सॉगी डॉलर बार हुकेल. त्या बारसमोर धक्का नाही, लोक बोटीतून पोहत येतात आणि भिजलेल्या नोटा काउंटरवर ठेवतात, त्यावरून ते नाव. मला स्वतःला तो बघायचाय, पण तुमच्या मुलाच्या शिक्क्यावर नाही. ब्रिटिश बाजूच हवी असेल तर त्यानं आधी भारतात येऊन शिक्का मारून घ्यावा.

लेक-जावई-नात यांना अमेरिकेचा व्हिसा अजून नाही. तिघांची फी ५५५ डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही. ती खुशाल भरा. पण तिन्ही पासपोर्ट हातात येईपर्यंत बोटीची अनामत भरू नका. करारात किती दिवस आधी रद्द केल्यास किती परत मिळतं ते मुलाला वाचून दाखवायला सांगा. वहिनींना रक्तदाब आहे, तेव्हा विम्यात आधीचा आजार आणि विमानानं हलवण्याचा खर्च, दोन्ही आहेत का ते पाहा. तिथून गंभीर रुग्णाला पोर्तो रिकोला किंवा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर न्यावं लागतं.

आणि वहिनींना बोट लागते का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. पावसाळा संपला की दोघं मुंबईला या, गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसा, शक्यतो दुपारची, वारा सुटलेला असताना. त्यांनी परतीचा प्रवास रस्त्यानं करायचा हट्ट धरला तर मला कळवा. मग सेंट जॉनवर घर भाड्यानं घेऊ आणि एका दिवसापुरती बोट. त्याचा हिशेब वेगळा करून देईन.