अमेरिकेत सरकारी शाळा सगळ्यांना फुकट आहेत, मग काळ्या मुलांच्या शाळा मागे का? आणि आपली भारतीय मुलं तिथेच पुढे कशी जातात?

शाळा फुकट आहे, पण तिच्या हद्दीत घर असावं लागतं. आणि ते घर फुकट नाही.

मी न्यू जर्सीत राहते. इथे आपली माणसं घर बघायला निघाली की स्वयंपाकघर, बेसमेंट, अंगण हे सगळं नंतर, पहिला प्रश्न "स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं?", म्हणजे घर कुठल्या शाळांच्या हद्दीत येतं. चांगल्या डिस्ट्रिक्टमधलं घर महाग मिळतं. शाळांचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून, म्हणजे घरपट्टीतून भागतो. घरं महाग तर कर जास्त, कर जास्त तर शाळा बरी, शाळा बरी म्हणून घरं आणखी महाग.

आता काळ्यांची घरं स्वस्त का राहिली? १९३०च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे केले आणि काळ्यांच्या वस्त्या 'धोकादायक' म्हणून लाल रंगवल्या. अशा वस्त्यांत गृहकर्ज मिळणं मुश्कील झालं. गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरांत घरं घेतली. घरांतला भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. तोवर एका बाजूला मालमत्ता साठली होती, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या पावत्या.

तुम्ही म्हणाल, सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या 'ब्राऊन' निकालाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या ना? कायद्यातल्या झाल्या. पण नंतरचे दोन निकाल फार कमी लोकांना ठाऊक असतात, आणि माझ्या मते आजची परिस्थिती त्यांनीच घडवली.

पहिला १९७३ चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराचा. एजवूड हे बहुतांश मेक्सिकन वंशाच्या गरीब लोकांचं डिस्ट्रिक्ट, अलामो हाइट्स हे गोऱ्या श्रीमंतांचं. एजवूडचे लोक कराचा दर जास्त भरत होते. तरी स्थानिक करातून त्यांना दर मुलामागे २६ डॉलर मिळायचे, अलामो हाइट्सला ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनसुद्धा ३५६ विरुद्ध ५९४. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शिक्षण हा अमेरिकन राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, तेव्हा ही पद्धत चालेल. जास्त दराने कर भरून ही गत, आणि तरी गरिबांना आपल्या मुलांच्या शिक्षणाची किंमत नाही असं म्हणणारे आपल्या पार्ट्यांमध्येही भेटतात.

दुसरा १९७४ चा, डेट्रॉइटचा. शहरातल्या शाळांत काळी मुलं, भोवतालच्या उपनगरांत गोरी. खालच्या न्यायालयाने ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट शहराशी जोडून मुलांची सरमिसळ करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तेही ५-४ ने फेटाळलं: उपनगरांचा दोष सिद्ध होत नाही, तर हद्द ओलांडता येणार नाही. त्यानंतर हद्दीपलीकडे घर घेतलं की विषयच संपला.

केंद्रातलं दार बंद झाल्यावर लढाई राज्यांत गेली, आणि त्यात न्यू जर्सीने खरोखर काम केलं. 'अ‍ॅबट' खटल्यात १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरी डिस्ट्रिक्टांत दर मुलामागे खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने झाला पाहिजे. १९९८ मध्ये त्याच डिस्ट्रिक्टांतल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी फुकट बालवाडी बंधनकारक केली, आणि पुढे तिचे निकषही ठरवले: वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, प्रशिक्षित शिक्षक आणि जोडीला मदतनीस. ही मुलं चौथी-पाचवीत गेल्यावरही तिचा फायदा दिसला. पैशाने काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

पैसा पोहोचला, हद्द तशीच राहिली. खरं तर न्यू जर्सीच्या राज्यघटनेत १९४७ पासून शाळांतल्या वांशिक विभाजनाला स्पष्ट बंदी आहे. १९७१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मॉरिसटाउन आणि शेजारच्या मॉरिस टाउनशिपच्या शाळा एकत्र करण्याचा अधिकार राज्याच्या शिक्षण आयुक्तांना आहे. त्या एकत्र झाल्या, आणि ते डिस्ट्रिक्ट आजही मिश्र आहे. पण हा प्रयोग दुसरीकडे फारसा झाला नाही. राज्यात डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास, आणि प्रत्येकाला आपली हद्द प्यारी. म्हणून १७ मे २०१८ ला, ब्राऊन निकालाच्याच तारखेला, काही संघटनांनी राज्यावर खटला भरला: राहत्या गावातच शाळा हा नियम विभाजन टिकवतो. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी वांशिक असमतोल मान्य केला, पण सगळ्या राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही.

आता आपल्या मुलांचं. भारतीयांना इथे मोठ्या संख्येने यायला मिळालं ते १९६५ च्या कायद्यामुळे, आणि तो आला नागरी हक्कांच्या चळवळीच्याच काळात. त्या दारातून आलेले बहुतेक आधीच इंजिनिअर, डॉक्टर, पदवीधर होते, म्हणजे भारतातूनच गाळून आलेले. शिवाय १९६८ चा कायदा झाल्यामुळे त्यांना हवं त्या उपनगरात घर घेता आलं. तेव्हा आपल्या मुलांची तुलना काळ्या मुलांशी करायचीच असेल, तर आईवडिलांचं शिक्षण आणि आजोबांना घरासाठी कर्ज मिळालं असतं का, हे दोन्ही धरून करा. मेहनत आपली मुलं करतात, त्याबद्दल वाद नाही. पण स्वस्त गावात घर घेऊन तीच मेहनत करून बघू म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात मीही आले.